पश्चिमेच्या बाल्कनीत भाजी लावायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेला दहा फूट लांब आणि चार फूट रुंद बाल्कनी. मार्चमध्ये रोपवाटिकेतून टोमॅटो, ढोबळी मिरची आणि फ्लॉवरची रोपं आणली. रोपं वाढली, टोमॅटोला फुलंही आली, पण एप्रिलमध्ये फुलं गळायला लागली, पानं पिवळी पडली आणि जूनपर्यंत सगळं वाळून गेलं. कोणतं खत कमी पडलं? आणि चौघांच्या घराला पुरेल एवढी भाजी बाल्कनीत होते का?

खत कमी पडलेलं नाही. तुमचा हंगाम चुकला, आणि निवडलेल्या तिन्ही भाज्या त्या जागेसाठी नव्हत्या. हे आधी सांगते, कारण अशा वेळी माणूस दुकानात जाऊन आणखी दोन बाटल्या आणतो, त्या आधीच दमलेल्या झाडाला पाजतो आणि मग ते लवकर जातं.

दिवसाचं तापमान 35 अंशांच्या पुढे गेलं की टोमॅटोचा पराग निकामी व्हायला लागतो. फूल उमलतं, पण फळ धरत नाही, दोन-चार दिवसांत देठापासून गळून पडतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा 38-39 ला सहज जातो. तुम्ही म्हणाल, मग नारायणगावकडचे शेतकरी उन्हाळ्यात टोमॅटो कसा काढतात? त्यांच्या झाडाची मुळं जमिनीत असतात, वरून आच्छादन असतं, ठिबक असतं. जमीन अर्ध्या फुटाखाली थंड राहते. तुमच्या बाल्कनीत मात्र दुपारी दोन ते सहा ऊन थेट कुंडीच्या अंगावर येतं, खालची फरशी तापते, मागची भिंत तापते आणि ती रात्री दहापर्यंत गरम राहते. मे महिन्यात दुपारी चार वाजता काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावून पाहा, चटका बसतो. त्या कडेला टेकलेली मुळं अक्षरशः भाजून निघतात. भाजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान मलूल होतं, आपण आणखी पाणी घालतो, आणि उरलेली मुळं कुजतात. पिवळ्या पानांचं मूळ बहुतेक वेळा हे असतं.

ढोबळी मिरची तर शेतकरीसुद्धा शेडनेटमध्ये घेतात. आणि फ्लॉवर हे थंडीचं पीक. एका रोपाला एक गड्डा येतो आणि तेवढ्यासाठी एक मोठी कुंडी तीन महिने अडते. बाल्कनीत ही चैन परवडत नाही. रोपवाटिकेत एखादं रोप विकायला ठेवलंय याचा अर्थ त्याचा हंगाम आहे असा होत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचे पैसे वाचतील.

आता ऊन. घरी भाजी लावणाऱ्याने सगळ्यात आधी ऊन ओळखायला हवं. कुंडी, माती, बियाणं सगळं विकत मिळतं, ऊन मिळत नाही. फळभाजीला सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. आपल्याकडे सूर्याची एक गंमत आहे जी लोकांना माहीत असते पण झाडं लावताना आठवत नाही. पुण्यात साधारण मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरमध्ये ज्या दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन घरातल्या सोफ्यापर्यंत येतं, तिथे जूनमध्ये कठड्यावरही ऊन पडत नाही. हिवाळ्यात उत्तम चाललेली मिरची उन्हाळ्यात का रुसली, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

पश्चिमेच्या बाल्कनीला वर्षभर दुपारनंतरचं ऊन मिळतं, साधारण चार तास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ते सौम्य आणि कामाचं असतं. मार्च ते मे ते जाळणारं असतं आणि तेव्हा निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लावावी लागते. आणि पावसाळ्यात तुमच्याकडे आणखी एक गोष्ट होणार: नैऋत्येचा वारा पावसाची झड थेट आत आणतो. त्यामुळे नाजूक रोपं आतल्या भिंतीशी ठेवा, कठड्याशी नको. सध्या आषाढात ढगांमुळे ऊन मोजता येणार नाही, पण कुंडीच्या जागी बसून वर पाहा. आकाश किती दिसतं? वरच्या मजल्याचा स्लॅबच दिसत असेल तर तिथे मिरचीसुद्धा नको, पुदिना आणि अळू ठेवा.

चौघांच्या घराला पुरेल एवढी भाजी दहा बाय चारच्या जागेत होत नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण अपेक्षा मोठी ठेवून सुरुवात केली की दोन महिन्यांत हिरमोड होतो. मग होतं काय? कोथिंबीर, मेथी, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, ओली मिरची, अधूनमधून माठ-पालक-चुका. नीट जपलेली चार मिरचीची झाडं लागती झाली की एरवीच्या स्वयंपाकाला मिरची विकत आणावी लागत नाही. मंडईतून आणलेल्या जुडीची अर्धी कोथिंबीर फ्रिजमध्ये काळी पडते. कुंडीतली मात्र हवी तेवढीच खुडता येते. बाल्कनीची खरी कमाई या रोज चिमूटभर लागणाऱ्या गोष्टींत आहे. टोमॅटो-वांगी किलोच्या भावात मंडईतच स्वस्त पडतात, आपण ती चवीसाठी आणि हौसेसाठी लावायची.

माती हे माझ्या दृष्टीने निम्मं काम आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती शेतात सोनं असेल, कुंडीत ती ओली असताना चिकट गारा होते आणि वाळली की आकसते. आकसल्यावर कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते. मग तुम्ही पाणी घालता, ते फटीतून सरळ खाली निघून जातं, भोकातून बाहेर येतं, तुम्हाला वाटतं झाड न्हाऊन निघालं, आणि मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी उलटी करून पाहिलीत की कळतं.

सुरुवातीसाठी प्रमाण सोपं ठेवा: दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेला पालापाचोळा. वीस लिटरच्या बादलीमागे दोन मुठी कडुनिंबाची पेंड. कोकोपीटची वीट भिजवून एकदा धुऊन घ्या, कारण त्यात क्षार असतात. शेणखत पोत्यातून काढून वर्तमानपत्रावर पसरा आणि हाताने चाळा. त्यात कधीकधी जाडजूड, पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या निघतात, तपकिरी डोक्याच्या. ती हुमणी असण्याची शक्यता धरा आणि वेचून टाका. ती कुंडीत गेली तर मुळं खाते आणि तुम्ही वरून पानांवर फवारत बसता. मिश्रण तयार झालं की ओलसर करून मूठ आवळा. गोळा व्हायला हवा, बोटाने टोचल्यावर फुटायला हवा आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. हे जमलं की माती जमली.

मोठ्या बादल्या पूर्ण मातीने भरायची गरज नाही. आपल्याकडे शहरी शेती करणारे जुने लोक तळाला वाळलेला पाला किंवा रसवंतीवरची उसाची चिपाडं भरतात आणि वर माती घालतात. महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पाला, ऊन आणि घरातला ओला कचरा यांच्यावर भाजी पिकवण्याचा विचार घरोघरी नेला, त्याचा हा वारसा आहे. कुंडी हलकी होते, तळात हवा राहते. मात्र ताजा पाला कुजताना नत्र ओढून घेतो, त्यामुळे सुरुवातीला पानं फिकी पडू शकतात, आणि महिन्याभरात माती चार बोटं खाली बसते. वरून खत-माती घालत राहायचं.

हलकेपणाचा मुद्दा साधा नाही. वीस लिटरची ओल्या मातीची बादली पंचवीस-तीस किलोची होते. अशा दहा बादल्या कठड्याच्या टोकाला एका रांगेत लावू नका, भिंतीकडे विभागून ठेवा. आणि चौथ्या मजल्यावर कठड्याच्या बाहेरच्या बाजूला काहीही टांगू नका. वादळी वाऱ्यात खाली पडलेली कुंडी कोणाच्या तरी डोक्यावर पडते. झाड विटांवर किंवा स्टँडवर ठेवलं की खालून पाणी निथळतं, फरशीही राहते आणि गळतीवरून खालच्यांशी भांडण होत नाही. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. ताटली ठेवायचीच तर रोज रिकामी करा.

भांडी म्हणाल तर तेलाचा पाच लिटरचा डबा आडवा कापून, फळांचे क्रेट आतून जाळी लावून, मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके, रंगाच्या बादल्या, काहीही चालतं. भोकं मात्र खाली हवीत, आणि एक नव्हे, पाच-सहा. पालेभाजीला सहा इंच खोली पुरे, मिरचीला दहा, टोमॅटो-वांग्याला फूटभर.

आता लावायचं काय? पहिलं पीक मेथी. किराणा दुकानातली स्वयंपाकाची मेथी चालते. रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून टाका. ओलसर मातीवर दाणे असे पसरा की दाण्याला दाणा लागणार नाही पण मध्ये मोकळं रानही राहणार नाही. वर पेराएवढी माती, हाताने हलकं दाबायचं, मग ओलं गोणपाट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललंत की मातीला भेगा पडलेल्या दिसतील आणि त्या भेगांतून वाकलेल्या पांढऱ्या माना. त्या क्षणी गोणपाट काढायचंच, एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात. तीन-चार आठवड्यांत भाजी. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या लहानशा जुड्या मिळतात, ती तर समुद्राकाठच्या रेतीतच वाढवतात आणि कोवळी असतानाच काढतात. म्हणजे चार इंची ट्रेमध्येसुद्धा पंधरा दिवसांत कोवळी मेथी घेता येते. सध्याच्या पावसात मात्र ती छपराखाली लावा, पाण्याच्या माऱ्याने कुजते.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार मी सतत ऐकते. धना म्हणजे दोन बिया एकत्र असतात, तो लाटण्याने हलका रगडून दोन फाकी करायच्या, भुगा नाही. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि लोक सहाव्या दिवशी माती उकरून बघतात. किराणातले धने जुने असले तर उगवत नाहीत, म्हणून पहिल्यांदा बियाण्याचंच पाकीट आणा. एकदम सगळं न पेरता दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरला तर घरात कायम राहते. एप्रिल-मेमध्ये ती पटकन फुलावर येते, तेव्हा तिच्या मागे लागू नका.

पावसाळ्यात माठ, राजगिरा, अंबाडी, चवळीचा पाला आणि अळू बिनतक्रार येतात. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या खुडून पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. तुमच्या बाल्कनीचा अंधारा कोपरा त्याला आवडेल.

मिरचीचं बी आत्ता टाका. घरात लाल पिकलेली लवंगी मिळाली तर तिचं बी घ्या, नाहीतर पुसा ज्वाला किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती या वाणांचं. चहाच्या कागदी कपांत भोकं पाडून दोन-दोन बिया. आठ-दहा दिवसांत उगवतील, पाच आठवड्यांनी बादलीत लावा. ऑक्टोबरात मिरच्या. टोमॅटोचं रोप गणपतीच्या सुमारास टाका, घटस्थापनेच्या आसपास बादलीत लावा आणि लावताना खोड खालच्या पानांपर्यंत मातीत पुरा. त्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. तुमच्या चार तासांच्या उन्हात चेरी टोमॅटो मोठ्या टोमॅटोपेक्षा कितीतरी भरवशाचा. चौथ्या मजल्यावर वारा आणि मधमाश्या कमी असतील तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांचा घोस बोटाने हलवा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्याला फक्त धक्का लागतो.

सोसायटीची गच्ची मिळाली तरच वेलांच्या वाटेला जा. दुधीला किमान चाळीस लिटरचं भांडं आणि मांडव लागतो. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. म्हणून ज्या फुलामागे बारीकसा दुधी दिसतो ते मादी फूल ओळखायचं, नर फूल खुडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचा परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळदुधी मान खाली घालून फुगायला लागला की धरला. पिवळा पडून सुकला तर नाही. सुरुवातीला सगळी नरच फुलं येतात, घाबरू नका. भेंडीही गच्चीवरचंच पीक. तिला पांढऱ्या माशीमुळे शिरा पिवळ्या पडण्याचा केवडा रोग होतो, म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली, या रोगाला तुलनेने कमी बळी पडणारी परभणी क्रांती मागून घ्या.

संकरित बियाण्याच्या फळातलं बी पुन्हा पेरलं तर मूळ झाडासारखं येत नाही. बी धरायची हौस असेल तर गावठी वाण लावा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपण्याच्या कामातून पद्मश्री मिळवली, त्यामुळे आता गावठी बियाण्याची चौकशी करणारे आणि देणारेही वाढलेत.

पाणी: बोट पहिल्या दोन पेरांपर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर घालू नका. घड्याळ बघून पाणी घालणाऱ्यांची झाडं तहानेने कमी आणि बुडून जास्त मरतात. घालाल तेव्हा भोकातून निथळेपर्यंत, आणि मुळाशी, पानांवर नाही.

खत: महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि पंधरा दिवसांतून एकदा पातळ जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, पुरतं. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं दोनशे लिटरचं प्रमाण घरासाठी उतरवलं तर दहा लिटर पाण्याला अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि चिमूटभर बांधावरची माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी दहापट पाणी घालून वापरा. वास येतो, शेजारी बाल्कनीला बाल्कनी लागून असेल तर त्याऐवजी भुईमुगाची पेंड मूठभर, पाच लिटर पाण्यात एक रात्र भिजवून, गाळून, पातळ करून घाला. चहाचा चोथा, केळीची सालं, अंड्याची टरफलं थेट कुंडीत टाकू नका. ती कुजेपर्यंत झाडाला काही मिळत नाही, चिलटं आणि मुंग्या मात्र लगेच येतात. आधी कंपोस्ट, मग कुंडी.

मुंग्या दिसल्या की पानाची मागची बाजू पाहायची. मुंगी झाड खायला आलेली नसते, मावा किंवा पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा चाटायला आलेली असते. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि बोटाने पुसणं पुरतं. नाहीतर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या पाठीवर. काळ्या ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसले तर फवारूच नका, ते मावा खातात. मिरचीची शेंड्याची पानं बोटीसारखी वर वळली तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे पळताना दिसले की ते फुलकिडे. शेंडा खुडून टाका, निमतेल दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. पूर्ण झाड चुरडामुरडा होऊन बसलं असेल तर उपटा, बाकीची तीन वाचतील. पावसात गोगलगायी येतात. रात्री ओलं गोणपाट जमिनीवर टाका, सकाळी त्याखालून वेचून घ्या.

तुमच्या गेलेल्या टोमॅटोच्या कुंड्यांची माती फेकू नका. बादल्या उलट्या करा, मुळांचा जाळा काढून टाका आणि मुळांवर गाठी आहेत का ते पाहा. गाठी असतील तर त्या मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. ती उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओली करून महिनाभर तापवल्याशिवाय वापरू नका. गाठी नसतील तर पसरून वाळवा, तिसरा हिस्सा गांडूळखत आणि थोडी निंबपेंड मिसळा. टोमॅटो, मिरची, वांगं आणि बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे या मातीत यंदा मिरची नको. मिरचीसाठी नवी माती करा आणि जुन्या मातीत या आठवड्यात लाल माठ टाका, पाऊस उघडला की मेथी.